नाताळात आई-बाबांना घेऊन व्हिएन्ना: २४ ते २७ डिसेंबर जमेल का?

म्युनिकचा सांगलीकर

नमस्कार मंडळी. आई-बाबा डिसेंबरात सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला येताहेत. माझी सुट्टी २४ पासून सुरू होते. २४ ला सकाळच्या रेलजेटने (वेगवान रेल्वेने) व्हिएन्ना गाठायचं आणि २७ ला संध्याकाळी परतायचं, असं मनात आहे. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालतील, पण जिने नकोत. आई अंडंही खात नाही.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ केली. पायाने भाता मारायचा तो आपला नाटकातला ऑर्गन. चर्चमधला मोठा, नळ्यांचा ऑर्गन एकदा समोर बसून ऐकायचा, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. म्हणून मला व्हिएन्नाच हवं आहे. पण ऑफिसातले सगळे सांगतात की नाताळात तिथे सगळं बंद असतं, त्यापेक्षा बुडापेस्टला जा. तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

फावोरिटेनकर

व्हिएन्नालाच या. बुडापेस्टमध्ये २४ ला दुपारी चारच्या सुमारास मेट्रो आणि ट्राम थांबतात, मग मोजक्या मार्गांवरच गाड्या धावतात. वयस्कर माणसांना घेऊन तिथे ती संध्याकाळ काढू नका. आमच्याकडे व्हिएन्नात यू-बान (मेट्रो) आणि ट्राम नाताळातही चालू असतात.

बंद असतात ती दुकानं, आणि यंदा जरा जास्तच. २५ शुक्रवार, २६ शनिवार, दोन्ही सरकारी सुट्ट्या, त्याला लागून २७ चा रविवार. २४ ला दुपारी दोनच्या आत सुपरमार्केटं बंद झाली की ती सोमवारीच उघडणार. हॉप्टबानहोफमधलं, म्हणजे मुख्य स्टेशनातलं, दुकान सुट्टीतही चालू असतं, पण तिथे रांग बाहेरपर्यंत येते. म्हणून हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. तांदूळ, मूगडाळ, हिंग, तूप म्युनिकहूनच बांधून आणा. माझे सासू-सासरे डिसेंबरात इथे राहून गेलेत, त्यांचं सगळं रात्रीच्या गरम खिचडीवर निभावलं. २४ ला रात्री बरीच रेस्टॉरंटंही बंद असतात, तेव्हा थंडीत जेवण शोधत फिरायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

जागा हॉप्टबानहोफच्या आसपास बघा, आणि इमारतीत लिफ्ट आहे ना हे आधी विचारा. जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते. तुमची गाडी तिथेच थांबते, यू-१ मेट्रोने शहराच्या मध्यातला श्टेफान्सप्लाट्झ चौक तीन स्टेशनांवर आहे आणि समोरून डी ट्राम जाते. डी ट्राम बाबांसाठी उत्तम. बेल्व्हेडेर, ऑपेरा, राजवाडा, संसद, राटहाउस (नगरपालिकेची इमारत) हे सगळं खिडकीतून दिसतं. २४ ला पोचल्यावर जेवून थोडी विश्रांती घ्या आणि तीनच्या सुमारास ट्राममध्ये बसा. सूर्य चारला मावळतो. राटहाउससमोरचा नाताळबाजार त्या दिवशी लवकर आवरतात, तरी दिवे लागलेले बघायला मिळतील. तो २६ पर्यंत असतो, श्पिटेलबेर्ग भागातला बाजार मात्र २३ लाच संपतो. आईंना भाजलेले चेस्टनट द्या आणि दारू नसलेला किंडरपुन्श. पेयाच्या कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत केला की पैसे मिळतात.

आता ऑर्गनचं. २७ ला रविवार आहे, हे तुमचं नशीब. आउगुस्टिनरकिर्शे या चर्चमध्ये रविवारी अकराला मोठी मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) असते. गायकवृंद, वाद्यवृंद, ऑर्गन, सगळं असतं. मोझार्ट, हायडन, शूबर्ट यांनी मिस्सासाठी लिहिलेलं संगीत तिथे प्रार्थनेचा भाग म्हणूनच वाजतं. संगीतकार ब्रुकनर स्वतः ऑर्गनवादक होता, त्याची एफ मायनरमधली मिस्सा १८७२ मध्ये याच चर्चमध्ये पहिल्यांदा सादर झाली. बाबांना हे नक्की सांगा. तिकीट नाही, दानपेटीत इच्छेनुसार टाकायचं. ती पूजा आहे, त्यामुळे मध्येच उठणं किंवा फोटो काढणं नको. साडेदहाला जाऊन बाक धरा, दीड तास बसायची तयारी ठेवा. ऑपेराची उभ्याची तिकिटं स्वस्त असतात म्हणून बरेच जण सुचवतील, पण तीन तास उभं राहणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

२५ ला कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे कलासंग्रहालय बघा, नाताळातही उघडं असतं. लिफ्ट आहे, बसायला जागा भरपूर. सगळी दालनं करायच्या मागे लागू नका. चित्रकार ब्रुगेलच्या दालनात जा आणि १५६५ चं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र समोर बसून निवांत बघा. दमून परतणारी माणसं, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी पोरं... आमच्या सासूबाई त्या चित्रापुढून हलायला तयार नव्हत्या.

शोनब्रुनचा राजवाडा या वेळी सोडलात तरी चालेल. सगळे तिथेच धावतात, चालणंही खूप होतं.

लिंत्झवाला

वरच्या ताईंचं सगळं पटलं. दोनच गोष्टी. २४ ची रेलजेट खचाखच असते, नुसतं तिकीट पुरत नाही, सीटचं आरक्षण आजच करा. आणि परत येताना जर्मन पोलीस गाडीत पासपोर्ट तपासतात. आई-बाबांचे पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका.

आईंसाठी विचारायचं, ‘ओने आय?’, म्हणजे अंड्याशिवाय आहे का. श्पेट्झले या नूडल्ससारख्या पदार्थात अंडं असतंच, काइझरश्मार्न या गोड पदार्थातही असतं.

ब्रुकनरचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याला आमच्या लिंत्झजवळ सांक्ट फ्लोरिआनच्या मठात पुरलंय, तेही बरोबर ऑर्गनच्या खाली. या वेळी घाईत करू नका, पण उन्हाळ्यात बाबा असतील तर अवश्य आणा.

म्युनिकचा सांगलीकर

ताई, दादा, मनापासून आभार. आरक्षण आत्ताच केलं, साडेअकराच्या सुमारास पोचतोय. एकच प्रश्न राहिला. बाबांना बेथोव्हेनच्या समाधीला नमस्कार करायचा आहे. ती दफनभूमी अवाढव्य आहे म्हणतात, त्यांना जमेल का? आणि श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चचा मनोरा?

फावोरिटेनकर

जमेल, २६ ला जा. श्वार्त्सेनबेर्गप्लाट्झहून ७१ नंबरची ट्राम धरा आणि दुसऱ्या फाटकाशी, ‘त्स्वाइटेस टोर’ला उतरा. तिथून संगीतकारांचा भाग सपाट रस्त्याने काही मिनिटांवर आहे. बेथोव्हेन आणि शूबर्ट दोघांनाही १८८८ मध्ये दुसऱ्या दफनभूमीतून इथे आणलं. ब्राम्स आणि श्ट्राउसही शेजारीच आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. बाबा दमले तर आत १०६ नंबरची बस फिरते. फाटक हिवाळ्यात पाचला बंद होतं, पण अंधार चारला पडतो, म्हणून जेवून लगेच निघा. फुलं फाटकाबाहेर मिळतात, सुट्टीच्या दिवसाचा भरवसा नको, २४ ला स्टेशनवर उतरल्या उतरल्या घेऊन ठेवा.

श्टेफान्सडोमच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो नको. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, वर पुमेरिन ही प्रचंड घंटा दिसते. पण बाबांना आधी खाली मागच्या बाकांवर बसवा. तिथला मोठा ऑर्गन ऑस्ट्रियातला सर्वांत मोठा, १२ हजारांहून जास्त नळ्यांचा. पुनर्बांधणीनंतर २०२० पासून तो पुन्हा वाजतोय. २५ ला सकाळच्या मोठ्या मिस्साला आलात तर ऐकता येईल, वेळ चर्चच्या साइटवर बघा. दोन्ही चर्चमध्ये गारठा असतो. आई साडी नेसणार असतील तर आत लोकरीची लेगिंग, जाड मोजे आणि मांडीवर घ्यायला एक शाल हवीच.