मदत हवी आहे: गॅसने भूल देताना लेकीचे ठोके मंदावतील म्हणाले

लेक ५ वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन ठरलंय. जन्मतः हृदयात छोटं छिद्र होतं, ते आपोआप बुजलं. गेल्या महिन्यातला इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. तरी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "मास्कने सेव्होफ्लुरेन हा भुलीचा गॅस देऊ. या मुलांचे ठोके सुरुवातीला मंदावतात, म्हणून अ‍ॅट्रोपीन (ठोके वाढवणारं औषध) सिरिंजमध्ये भरून ठेवते." त्यापुढचं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. प्रश्न सुचले ते घरी आल्यावर.

इको चांगला असताना ठोके का मंदावावेत? शिरेतून भूल देणं जास्त सुरक्षित आहे का? (तिची शीर सापडायची म्हणजे चौघांनी धरावं लागतं.) त्यात दिरांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलं की गॅसने हृदय कमकुवत होतं. झोप उडालीये.

प्रतिसाद १
भूलतज्ज्ञ आहे. दिरांचं पुस्तक बहुधा हॅलोथेन या जुन्या भुलीच्या गॅसच्या काळातलं. तो १९५६ मध्ये वापरात आला; हृदयाच्या आकुंचनाचा जोर आणि ठोके दोन्ही खाली आणायचा, वर लय बिघडवायचा. सेव्होफ्लुरेन त्यामानाने बराच सौम्य. रक्तवाहिन्या सैलावून बीपी थोडं उतरतं, पण बहुतेक मुलांचे ठोके टिकतात. डाउन सिंड्रोमची मुलं याला अपवाद, हृदय निर्दोष असलं तरी. म्हणून इकोवर विसंबून चालत नाही.

लहान मुलांचं हृदय एका ठोक्यात फारसं जादा रक्त ढकलू शकत नाही. ठोके घटले की रक्तपुरवठाच घटतो, म्हणून सिरिंज आधीच भरलेली. बहुतेकदा गॅस कमी केला की ठोके सावरतात. थेट ८ टक्क्यांवर न जाता हळूहळू चढवता येईल का, हे जरूर विचारा. शिरेतून देतात त्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधानेही बीपी उतरतंच. त्यासाठी चौघांनी धरून तिला रडवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एक सांगा, ती घोरते का? मुलांत ऑक्सिजन कमी पडला तरी ठोके मंदावतात, त्यामुळे आमचं पहिलं लक्ष श्वासाकडे.

धागाकर्ती
घोरते, आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठते. टॉन्सिलमुळे असेल म्हणून मॅडमना सांगितलंच नाही.

प्रतिसाद १
ऑपरेशनच्या दिवसाची वाट बघू नका. उद्याच फोन करून सांगा. झोपेतला एखादा व्हिडिओ काढता आला तर तोही दाखवा.

धागाकर्ती
आत्ताच काढला. ४० सेकंदांचा आहे. सकाळी फोन करते.