शब्दचर्चा: फोटो ‘टिपायचा’ की ‘काढायचा’?

यवतमाळहून:
गावच्या वाचनालयात फोटोंचं लहानसं प्रदर्शन लावतोय. विषय, गावातलं रोजचं जगणं. फलकावर ‘दैनंदिन जीवनाचे दस्तऐवजीकरण’ लिहिलं, तर सरपंचकाका म्हणाले, “दस्त? कोनं वावर इकलं का?” त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे दस्त होतो तो जमिनीचा. पोरं म्हणतात, ‘टिपलेले क्षण’ लिहा. तेही मला खटकतं, पण का ते नेमकं सांगता येत नाही.

पुण्याहून:
खटकायचं काय त्यात? पाखरू दाणा टिपतं, नेमबाज सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो. थोडकं आणि नेमकं. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरच्या १९५२ च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ अशाच अर्थाचं आहे. त्याला ‘टिपणे’च शोभतं.

अकोल्याहून:
त्याच पुस्तकाचं मूळ फ्रेंच नाव पाहा. त्यात ‘आ ला सोव्हेत’ असे शब्द आहेत, म्हणजे घाईघाईत, गुपचूप. परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणारा, शिपाई दिसला की गाशा गुंडाळणारा, त्याच्यासाठीचा हा वाक्प्रचार. यवतमाळच्या भाऊंना खटकतं ते हेच असावं. दाण्याला किंवा सावजाला कोणी विचारत नाही.

आपल्याकडे ‘फोटू काढ’ म्हणतात. धार काढतात, विहिरीतून पाणी काढतात, दारात रांगोळी काढतात. वेळ लागतो, आणि फोटोच्या बाबतीत समोरच्या माणसाला ठाऊक असतं. म्हातारी म्हणते, “थांब, पदर घेऊ दे.” आपल्या फोटोग्राफर मंडळींना तो पदर नकोसा असतो, त्यांना ‘नैसर्गिक’ हवं असतं! माझ्या मते पदर सारखा करणं हेही रोजचंच जगणं.

फोटोग्राफर गौरी गिल यांनी २००३ मध्ये राजस्थानात लुणकरणसरच्या बालिका मेळ्यात तंबूत साधा स्टुडिओ मांडला होता. कसं उभं राहायचं, कोणाबरोबर, हातात काय धरायचं, हे मुलींनी ठरवलं. याला टिपणे म्हणाल? आमच्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. तेही येता-जाता टिपून होणारं काम नव्हे.

पुण्याहून:
मान्य. पण भर बाजारात प्रत्येकाला विचारत बसलात तर फोटो हातचा जातो. दोन्ही क्रियापदं राहू द्या.

वर्धेहून:
क्रियापदाचं तुम्ही पाहा. मला ‘दैनंदिन’ सलतं. सरळ ‘रोज’ का नको? आपल्याकडे रोज म्हणजे दिवसही आणि दिवसाची मजुरीही. बाई रोजानं जाते, घरी कोणी आजारी असलं की तिचा रोज पडतो.

मागच्या पावसाळ्यात शहरातून एक फोटोग्राफर आमच्याकडे आला होता. पऱ्हाटीत निंदण चाललेलं. एका बाईला त्यानं हातात इळा घेऊन उभं केलं. ढग सरकेपर्यंत थांबा, आता उजेड आला, आता मान जराशी वळवा. बाकीच्या बाया आपापली पात, म्हणजे निंदायची ओळ, धरून पुढं निघून गेल्या. शेवटी ती म्हणाली, “भाऊ, माही पात मांगं राह्यली. माहा रोज कोन देईन?” तो हसला. त्याला वाटलं, ती ‘दररोज’ असं काही म्हणाली. मीही तेव्हा समजावून सांगितलं नाही, त्याची अजून लाज वाटते. त्या फोटोखाली त्यानं ‘दैनंदिन जीवन’ लिहिलं असेल तर तिचा अर्धा दिवस त्यात कुठंच नाही.

यवतमाळहून:
हे वाचून आमचे चार फोटो उतरवले. त्यातल्या बायांना आम्ही विचारलंच नव्हतं. विचारून आलो की पुन्हा लावू, नाही म्हणाल्या तर नाही. फलक पुसून आता ‘रोजाचे दिवस : गावात काढलेले फोटू’ एवढंच लिहिलंय. सरपंचकाकांनी सगळी भिंत नीट पाहिली आणि म्हणाले, “माहा काहून नाई काढला?”