मदत हवी आहे : मुंबईजवळ लहान मुलांना घेऊन पायी फिरता येईल असे उपनगर सुचवा

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. माझी नागपूरहून मुंबईला बदली झाली आहे आणि पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे असल्यामुळे घराचा निर्णय लवकर घ्यायचा आहे. घरात दोन लहान मुले आहेत. सध्या आम्ही धरमपेठेत राहतो. भाजी, किराणा, मुलांचे डॉक्टर आणि ट्रॅफिक पार्क या सगळ्या ठिकाणी आम्ही चालतच जातो. मोटार आमच्याकडे नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. मुलाला हाताला धरून शाळेत सोडता येईल आणि बाबागाडी रस्त्यावर न उतरवता बागेपर्यंत नेता येईल, असे उपनगर कोणते? कृपया नेमकी नावे सांगावीत. ‘मुंबईत पदपथ आहेतच कुठे’ आणि ‘हळूहळू सवय होते’ असे प्रतिसाद मी अन्य धाग्यांवर पुरेसे वाचले आहेत.

जुना पार्लेकर

विलेपार्ले पूर्व. दुसरे नाव शोधण्याची आवश्यकताच नाही. स्थानकाबाहेर पडल्यावर बाजार, हनुमान रस्ता, १९२१ साली स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ आणि दीनानाथ नाट्यगृह हे सगळे पायी अंतरावर आहे. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे अजूनही येथे मान फार वर न करता आकाश दिसते. आमच्या दोन्ही मुली शाळेत चालत गेल्या आणि आता नातही जाते.

चौथी सीट

संत्रानगरी, कार्यालय कोठे आहे, ते आपण लिहिलेले नाही. मुंबईत घराचा शोध तेथूनच सुरू होतो. मुलांची वये काय आहेत, घर भाड्याने हवे की विकत, आणि महिन्याची मर्यादा किती, हेही कळवावे. त्याशिवाय येथे प्रत्येक जण आपापल्या गल्लीचे नाव सांगेल, त्याची सुरुवात वर झालेलीच आहे.

घोडबंदर ३०वा मजला

ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरील एखादे मोठे संकुल पाहावे. आमच्या संकुलात पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, चालण्याची वेगळी वाट आहे, मुलांसाठी दोन खेळमैदाने, किराणा दुकान, पाळणाघर आणि दवाखाना आहे. मुले संध्याकाळी दोन-दोन तास खाली असतात आणि त्यांना एकही वाहन दिसत नाही.

सरळ रेघ

वरील प्रतिसादात वर्णन केलेली सोय चांगली असली, तरी ती फाटकाच्या आतली आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर काय आहे? एका बाजूला सेवा रस्ता, पलीकडे अवजड वाहनांचा घोडबंदर रस्ता आणि मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे. रेल्वे स्थानक इतके दूर आहे की कोणीही तेथे चालत जात नाही. ज्यांना मोटार नको आहे, त्यांना हे सुचवण्यात अर्थ नाही.

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एक मोजमाप सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण जिन्याच्या एका पायरीपेक्षा, अधिक नसावी. घर पाहायला जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी. पदपथ दुप्पट उंच असेल आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी तुटत असेल, तर बाबागाडी दर वीस पावलांवर उचलावी लागते. मग माणूस कंटाळून रस्त्यावरूनच चालू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळाविरहित पदपथ हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात मात्र तेथे विजेची पेटी, झाडाचा पार आणि कोणाची तरी दुचाकी असते.

घोडबंदर ३०वा मजला

आपण कधी आमच्याकडे आला आहात का? कावेसरचा तलाव, उपवन, येऊरचा पायथा हे सगळे आपण विसरलात. मेट्रो सुरू झाल्यावर बोलू.

सरळ रेघ

मेट्रो सुरू झाल्यावर अवश्य बोलू. त्यांना मात्र पुढच्या महिन्यात यायचे आहे.

दस्तऐवज

घर भाड्याने घेतल्यास ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार नोंदवूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. केवळ मुद्रांक कागदावर सही घेऊन भागवणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. अनामत रक्कमही करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

संत्रानगरी

करार नोंदवून कसा घ्यायचा, हा माझा प्रश्न नव्हता. तरी आभारी आहे. कार्यालय ऐरोलीला आहे, स्थानकाजवळच्या आयटी पार्कमध्ये. आठवड्यातून चार दिवस जावे लागेल. यजमान घरूनच काम करतात. मोठा मुलगा चार वर्षांचा आहे आणि धाकटी आठ महिन्यांची. भाड्यासाठी ४० हजारांपर्यंत तयारी आहे. मुंबईजवळ असे लिहिले होते, त्यावरून अंदाज येईल असे वाटले.

चौथी सीट

ताई, ऐरोली मुंबईत नाही, ती ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबईत आहे आणि या एका वाक्याने वरचे निम्मे प्रतिसाद बाद होतात. पार्ल्याहून ऐरोलीला जायचे म्हणजे अंधेरीला येऊन मेट्रोने घाटकोपर, तेथून लोकलने ठाणे आणि ठाण्याहून पुन्हा गाडी बदलून ऐरोली. दोन लहान मुले घरी असताना हा प्रवास रोज दोन वेळा करण्याचे कारण नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग. ठाण्यानंतर दिघा गाव हे २०२४ मध्ये सुरू झालेले स्थानक आणि त्यानंतर लगेच ऐरोली. आता एक बारकावा सांगतो, जो नकाशात दिसत नाही. ठाणे स्थानकात या मार्गाच्या गाड्या ९ आणि १० क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात आणि हे फलाट पूर्वेला, कोपरीच्या अंगाला आहेत. नौपाड्यात, म्हणजे पश्चिमेला, राहणारा माणूस सकाळी पुलावर चढतो, मुख्य मार्गाचे सगळे फलाट ओलांडतो आणि समोरून उतरणाऱ्या गर्दीतून वाट काढत तेथे पोहोचतो. कोपरीत राहणाऱ्याला हे करावे लागत नाही. दोन्ही पत्ते ठाणे स्थानकापासून दहा मिनिटांचेच असतात, परंतु या मार्गाने रोज जाणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात बराच फरक आहे.

राम मारुती

चौथी सीट यांचे फलाटांविषयीचे म्हणणे बरोबर आहे, पण केवळ एका पुलासाठी नौपाडा सोडायला सांगणे मला पटत नाही. माणूस कार्यालयात जाण्यासाठीच राहत नाही. राम मारुती रस्ता, घंटाळी, तलावपाळी आणि गडकरी रंगायतन हे सगळे एका फेरीत होते. मुलांचे डॉक्टर, वह्यापुस्तकांची दुकाने आणि पोळीभाजी केंद्रे प्रत्येक गल्लीत आहेत. यजमान दिवसभर घरी असणार, तर दिवसाचे चालणे मुख्यतः त्यांचे आणि मुलांचेच आहे, हेही लक्षात घ्यावे.

सरळ रेघ

हा मुद्दा चांगला आहे. मात्र संध्याकाळी सात वाजता गोखले रस्त्यावरून बाबागाडी नेऊन पाहिली आहे का?

राम मारुती

नेलेली नाही. आम्ही मुलांना कडेवर घेत असू. गोखले रस्ता टाळून आतल्या गल्ल्यांतून जावे लागते, हे मान्य आहे.

फडके रस्ता

कोणीच डोंबिवलीचे नाव कसे घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. चाळीस हजारांत येथे प्रशस्त घर मिळेल आणि पैसे शिल्लक राहतील. फडके रस्त्यावर पाडव्याच्या सकाळी एकदा यावे, म्हणजे शहर पायी चालणाऱ्यांचे असते, याची खात्री पटेल.

चौथी सीट

पाडव्याच्या सकाळी तो रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो, हे खरे. उरलेल्या दिवसांचे काय? शिवाय सकाळी डोंबिवलीहून ठाण्यापर्यंतच्या गाडीत नव्या माणसाला दारातून आत शिरणे हीच परीक्षा आहे. मी ती अनेक वर्षे दिली आहे, म्हणून नाव घेतले नाही.

खाडीकाठ

मी ऐरोलीतच राहतो आणि कार्यालय तेथेच असताना ऐरोलीचा विचार शेवटी का केला जातो, ते मला समजलेले नाही. सिडकोने आखलेल्या इतर नोडप्रमाणे, म्हणजे नवी मुंबईतील वसाहतींप्रमाणे, हेही सेक्टरांत विभागलेले आहे. रुळांच्या एका अंगाला वसाहती आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता व औद्योगिक पट्टा, अशी सरळ मांडणी आहे. जमीन सपाट असल्यामुळे चालताना दम लागत नाही. बहुतेक सेक्टरांत लहानसे उद्यान, शाळा आणि दुकानांची रांग आहे. आपल्याला कार्यालयातही चालत जाता येईल, मग गाडीचा प्रश्नच उरत नाही. पाण्याची काळजी नाही, कारण नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे.

उणेही सांगतो. सिडकोची जुनी घरे बांधली गेली, तेव्हा प्रत्येकाकडे मोटार असेल असे कोणी धरले नव्हते. त्यामुळे आतल्या रस्त्यांवर दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि काही ठिकाणी त्यांची पुढची चाके पदपथावर चढवलेली असतात. शाळा सुटण्याच्या वेळी बस, रिक्षा आणि पालकांच्या दुचाकी यांच्यामधून मूल सांभाळून न्यावे लागते. नाटक पाहायचे असल्यास वाशीला किंवा ठाण्याला जावे लागते. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी येतात, ते पाहायला मात्र लांब जावे लागत नाही. येथील सागरी जैवविविधता केंद्रातून त्यासाठी नौकाफेरीही असते.

जुना पार्लेकर

रोहित पक्षी शिवडीलाही येतात.

मिठागर

मुलुंड पूर्व सुचवते. एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग असल्यामुळे मधल्या वस्तीतून आरपार जाणारी वाहने तुलनेने कमी असतात. स्थानकापासून बाजार, शाळा आणि वझे-केळकर महाविद्यालयापर्यंत सगळे चालण्यासारखे आहे. ऐरोलीला जायला खाडीपूल आहे. त्यावरून बसही जाते आणि रेल्वेने ठाणे एकच स्थानक दूर आहे. कोणा पाहुण्यांना मोटारीने यायचे असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना पथकरही नाही.

हक्काची जागा

शाळेचा विषय निघाला म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते. आधी एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य मिळते आणि नंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या. त्यामुळे पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा.

चौथी सीट

त्या जागा वंचित आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आहेत. महिना चाळीस हजार भाडे देणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. मात्र यातून एक कामाची गोष्ट निघते. चांगल्या शाळांच्या बालवर्गांचे प्रवेश जूनच्या कितीतरी आधी भरून जातात, म्हणून आधी जागा शिल्लक असलेली शाळा शोधावी आणि मग तिच्या जवळ घर घ्यावे. उलट केल्यास मुलगा पिवळ्या बसमध्ये बसेल आणि पायी चालण्याचा सगळा बेत कागदावर राहील.

संत्रानगरी

ऐरोली आणि मुलुंड पूर्व ही नावे लिहून ठेवली आहेत. कोपरीविषयी कोणी अधिक सांगू शकेल का? आणखी एक. सासूबाई आमच्याबरोबर राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे जिने शक्यतो नकोत. त्यांना रोज सकाळी देवळात जायचे असते.

मिठागर

हे पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते, ताई. सासूबाई आहेत म्हटल्यावर लिफ्टची इमारत हवी, आणि जुन्या चार मजली इमारतींत ती बहुधा नसते. मुलुंडला पश्चिमेच्या मोठ्या बाजारात जायचे झाले, तर रूळ ओलांडावे लागतात, हेही आता सांगते. त्यांच्यापुरते पूर्वेला जे मिळेल तेच धरून चाला.

चौथी सीट

कोपरी चालायला सोयीची आहे, लहान आहे, देऊळ आणि भाजी जवळ आहे. परंतु स्थानकाबाहेर रिक्षांची दाटी फार असते आणि तेथील सॅटिसचे, म्हणजे स्थानक परिसरातील वाहतूक सुधारण्याच्या योजनेचे, काम बरीच वर्षे रेंगाळले आहे. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला तो शेवटचा टप्पा त्रासाचा आहे. आता सगळे कळल्यावर माझे मत ऐरोलीकडे झुकते. तळमजला किंवा लिफ्ट असलेली इमारत, आणि देऊळ व शाळा रुळांच्या त्याच बाजूला.

सरळ रेघ

माझेही तेच मत आहे. घर ठरवण्यापूर्वी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता शाळा सुटण्याच्या वेळी एकदा सासूबाईंच्या चालीने चालून पाहावा. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर सिग्नल किती सेकंद हिरवा राहतो, ते मोजावे. दलाल दुपारी दोन वाजता घर दाखवतात, कारण त्या वेळी सगळेच रस्ते शांत असतात.

संत्रानगरी

ठीक आहे. येत्या शनिवारी आम्ही येत आहोत. सकाळी ऐरोली आणि दुपारी मुलुंड असे ठरवले आहे.

खाडीकाठ

शनिवारी शाळा आणि आयटी पार्क दोन्ही बहुतांशी बंद असतात. आपल्याला जे पाहायचे आहे, ते त्या दिवशी दिसणार नाही. सोमवारी या.

संत्रानगरी

सोमवारची रजा मिळाली आहे. मुलुंड पूर्वेकडून ऐरोलीला जाणारी बस नेमकी कोठून मिळते, आणि तिची पायरी किती उंच आहे?