ब्रॉडवेवर पाय ठेवतानाचे दिवस : तुमचे, तुमच्या माणसांचे अनुभव लिहा

पारिजातक

परवा लेकीला घेऊन मॅनहॅटनला गेले होते. ४८व्या रस्त्यावर ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, हा म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज ना?" वर पाहिलं तर जुन्या कॉर्ट थिएटरवर नट जेम्स अर्ल जोन्सच्या नावाची पाटी. २०२२ साली नाव बदललं हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. तिथेच फुटपाथवर मला रडू फुटलं. लेक घाबरलीच.

कारण सांगते. १९९६ साली मी इथे शिकायला आले आणि क्वीन्समध्ये ॲस्टोरियाला दोन खोल्यांची जागा घेतली, ओहायोच्या एका मुलीबरोबर. तिला रंगभूमीवर काम करायचं होतं. पहाटे साडेचारला उठायची आणि ४६व्या रस्त्यावर नटांच्या युनियनच्या, म्हणजे इक्विटीच्या, इमारतीबाहेर रांग लावायला निघायची. जानेवारीतसुद्धा. पिशवीत आठ बाय दहाचे काळेपांढरे फोटो, त्यांच्या पाठीला स्टेपल केलेला बायोडेटा, गाण्याच्या नोटेशनची जाड फाइल, नाचाचे बूट आणि दोन उकडलेली अंडी. चार-पाच तास उभं राहून आत मिळायचे 'सोळा बार्स'. म्हणजे गाण्याचा अर्धा मिनिट.

निघण्याआधी आरशासमोर केस विंचरताना ती मला एकच गोष्ट सांगायची. खरं तर स्वतःलाच. जेम्स अर्ल जोन्स लहानपणी बोलताना इतका अडखळायचा की जवळजवळ आठ वर्षं तो बोललाच नाही. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी कविता मोठ्याने म्हणायला लावून त्याला बोलतं केलं. न्यूयॉर्कला आल्यावर लोकांच्या जमिनी पुसून पोट भरलं, आणि १९५८ मध्ये ह्याच कॉर्ट थिएटरात 'सनराइज ॲट कॅम्पोबेलो' नाटकात रूझवेल्टांच्या घरच्या नोकराचं छोटंसं काम मिळालं. मिसेस रूझवेल्टना जेवण तयार असल्याची वर्दी द्यायची. आणि नेमका 'मिसेस'च्या 'म'वर तो अडकला. भर प्रयोगात. "आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच जाऊन उभा राहिला," असं म्हणून ती दार ओढून घ्यायची.

दीड वर्षाने तिला एका म्युझिकलच्या, म्हणजे संगीत नाटकाच्या, कोरसमध्ये घेतलं आणि मोठ्या भूमिकेची अंडरस्टडी केलं, म्हणजे मूळ नटी आली नाही तर तिच्या जागी उभं राहायचं. अकरा महिने ती दर प्रयोगाला पडदा वर जायच्या अर्धा तास आधी जाऊन सही करत होती आणि ती भूमिका करणाऱ्या बाई ठणठणीत होत्या. मग फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, पाऊण वाजता, माझ्या लॅबमध्ये फोन. "आज मी." बस, दोनच शब्द. दोनची मॅटिनी. सेंट्रीफ्यूज शेजारणीच्या हवाली करून मी पळत सुटले. पहिली दहा मिनिटं मला काही ऐकूच आलं नाही, मी फक्त तिचे पाय बघत होते. त्याच स्टेप्स तिने आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, माझ्यासमोर शंभरदा केल्या होत्या.

प्लेबिलमध्ये, म्हणजे प्रेक्षकांना देतात त्या नाटकाच्या पुस्तिकेत, घातलेली ती चिठ्ठी, 'ह्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करतील' अशी, अजून माझ्या जुन्या पासपोर्टात आहे. ती भूमिका परत तिच्या वाट्याला आली नाही. आता ओहायोत शाळेत नाटक शिकवते.

तुम्ही स्वतः, मुलंबाळं, शेजारी, नुसते प्रेक्षक म्हणूनही, जे आठवेल ते लिहा.

नदीकाठ

वाचलं. अंगावर काटा आला. मुलांना स्विमिंगला सोडून येते आणि लिहिते.

गुडघेबाई

मी फिजिओथेरपिस्ट, मूळची नाशिकची. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मी नाचणारी पोरं. लोकांना रंगमंच दिसतो, मला पोटऱ्या दिसतात. आठवड्याला आठ प्रयोग, बहुतेक नाटकांना सुट्टी सोमवारची एकच. त्यात स्टेज प्रेक्षकांकडे उतरतं असेल तर विचारू नका, उंच टाचांचे बूट घालून उतारावर नाचायचं म्हणजे नडगीची आणि कंबरेची वाट.

नवीन लागलेली मुलं दुखणं लपवतात. "टेप लाव, पण स्टेज मॅनेजरला कळू देऊ नकोस." वय बावीस, पहिलं काम, आणि आपली जागा जाईल ही भीती. मी कोणाचं सांगत नाही, पण त्यांना स्वतः सांगायला लावते, कारण लपवलेला घोटा सहा आठवड्यांचा सहा महिन्यांचा होतो.

१९५४ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 'द पजामा गेम'मध्ये कॅरल हेनीचा घोटा दुखावला, कोरसमधली शर्ली मॅक्लेन तिच्या जागी उभी राहिली, हॉलिवूडच्या निर्मात्याने तिला पाहिलं आणि ती सिनेमात गेली. मला मात्र त्या गोष्टीत कॅरल हेनीचा घोटाच दिसतो. त्याच भूमिकेसाठी तिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, मिळालं, हे कोणी सांगत नाही.

दुपारचा चहा

गुडघेबाई, विषय निघालाच आहे तर विचारते, जिना उतरताना उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, चढताना नाही. चालणं बंद करू का?

तिसरी घंटा

माझा ब्रॉडवेशी संबंध नाही, दादर-ठाण्याशी आहे. पण पारिजातकताईंची ती चिठ्ठी वाचून राहवलं नाही. १९८८, व्यावसायिक नाटकाचा दौरा. मी होतो बॅकस्टेजला, इस्त्री आणि प्रॉपर्टी. सांगलीच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी एका नटाच्या घरून निरोप आला, वडील गेले. तो मिळेल त्या गाडीने मुंबईला निघाला. आमच्या व्यवस्थापकांनी बसमध्ये माझ्या मांडीवर वही टाकली, "संध्याकाळी तू." रिप्लेसमेंट! कराडपासून सांगलीपर्यंत मी बाहेर पाहिलं नाही. प्रॉम्प्टर विंगेत होता म्हणून निभावलं. दुसऱ्या अंकात त्याचा आवाज मला ऐकू येईना, तेव्हा समोरच्या अनुभवी बाईंनी माझंच वाक्य प्रश्न करून मला विचारलं आणि मी फक्त "हो" म्हणालो. त्या बाईंच्या पाया पडायचं राहून गेलं, त्याची खंत आजही आहे.

तो नट तेराव्यानंतर परत आला, मी परत इस्त्रीला. त्याने पहिल्या 'नाइट'चे, म्हणजे प्रयोगाचे, पैसे मिळाले तेव्हा मला पेढे दिले.

तिकडे प्रॉम्प्टर असतो का हो?

पारिजातक

तिसरी घंटा काका, तालमीत स्टेज मॅनेजर पुस्तक धरून बसतो, नट अडला की वाक्य देतो. प्रयोगात विंगेतून सांगणारं कोणी नसतं. तुमच्या त्या बाईंनी केलं तेच समोरच्याने करायचं.

मुक्काम एडिसन

स्विंग हा प्रकार कोणाला माहीत आहे का? अंडरस्टडी एकदोन भूमिका तयार ठेवतो. स्विंगकडे कोरसमधल्या आठ-दहा जणांच्या जागा असतात. प्रत्येकाची स्टेजवरची जागा, हालचाल, गाण्यातली वेगळी ओळ, सगळं वहीत. मी कामाने सॉफ्टवेअरवाला, मला त्या वह्यांचं फार अप्रूप वाटतं.

२०२१ च्या डिसेंबरात 'द म्युझिक मॅन'चे सुरुवातीचेच प्रयोग चालू होते. नायिका सटन फॉस्टर आजारी पडली आणि स्विंग असलेल्या कॅथी व्हॉयटकोला दुपारी बाराच्या सुमाराला कळलं की आज रात्री मुख्य नायिका तू. शेवटी नाटकाचा नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे आणून सगळ्या स्विंग आणि अंडरस्टडींबद्दल जे बोललं त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला नसेल तर आज पाहा. आणि ज्या सटन फॉस्टरच्या जागी ती उभी राहिली, ती स्वतः अशीच वर आली होती! ब्रॉडवेला यायच्या आधी 'थरोली मॉडर्न मिली' कॅलिफोर्नियात झालं तेव्हा ती अंडरस्टडीच होती. नायिकेची जागा रिकामी झाली, हिला उभं केलं, २००२ मध्ये ब्रॉडवे आणि त्याच वर्षी टोनी.

घाटावरची

'बॉम्बे ड्रीम्स' कोणी पाहिलं होतं का? २००४, ५३व्या रस्त्यावरचं ब्रॉडवे थिएटर. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. नाटक सुरू व्हायच्या आधी त्यांनी प्लेबिलमधली नावं चष्मा वर करून एकेक मोठ्याने वाचली. नारायण, नागराजन, गणेशन, जाफरी... समोरच्या रांगेतलं जोडपं वळून बघायला लागलं तरी थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांच्या आयांना काय वाटत असेल गं!"

मुख्य भूमिका करणाऱ्या मनू नारायणचं ते ब्रॉडवेवरचं पहिलंच काम. पण २८४ प्रयोग झाले आणि १ जानेवारी २००५ ला बंद. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बेकार! मला नाटकाच्या गुणदोषांपेक्षा त्या कोरसमधल्या पोरांची काळजी लागली होती. भारतीय दिसणाऱ्या नटाला पुढची भूमिका कोण लिहिणार होतं? एकदम इतके आपले चेहरे ब्रॉडवेच्या स्टेजवर मी परत पाहिले ते थेट २०२३ ला, 'लाइफ ऑफ पाय'मध्ये.

नदीकाठ

आले परत. माझी लेक आत्ता, ह्या क्षणी, ह्याच वाटेवर आहे म्हणून सकाळी हात थरथरला लिहिताना.

तिने म्युझिकल थिएटरची पदवी केली. तुम्हाला इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा अवघड वाटते ना, ह्याची बघा. आधी व्हिडिओ पाठवायचे, त्यातून निवडले तर जानेवारी-फेब्रुवारीत हॉटेलच्या खोल्यांमधून एकामागून एक कॉलेजांच्या ऑडिशन. बाबा लॉबीत बसून राहिला होता, दोन दिवस, मांडीवर तिचा कोट घेऊन. आमच्याकडे कोणी कधी स्टेजवर गेलेलं नाही. तो आजही "प्लॅन बी" म्हणत नाही, ह्याचं मला फार कौतुक आहे.

आता तिच्याकडे इक्विटीचं कार्ड नाही. म्हणून पहाटे पाचला जाऊन मुलंच मुलं एका कागदावर नावं लिहितात, त्या यादीत नाव टाकायचं. आधी कार्डवाले, वेळ उरला तर हे. कधी दुपारी चारला सांगतात, आज नाही. कधी सकाळी दहालाच सांगतात. एकदा तिला आत घेतलं आणि समोरच्यांनी मान वर न करता तिचं नाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारलं. चौथ्यांदा तिने शांतपणे बरोबर करून सांगितलं आणि मग गायली. त्याचं मला गाण्यापेक्षा बरं वाटलं.

मी काय करणार? दशम्या करून देते. दुधातल्या, गुळाच्या. टिकतात, हात चिकट होत नाहीत आणि घसा धरत नाही.

दुपारचा चहा

दशम्यांचं प्रमाण द्या ना. माझ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात.

नदीकाठ

दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी गूळ कोमट दुधात विरघळवून, मोहन चांगलं दोन चमचे तुपाचं. पाण्याचा हात अजिबात नाही. पाणी लागलं की वातड.

गुडघेबाई

दुपारचा चहा, चालणं बंद करू नका, सपाटीवर चाला. जिना उतरताना कठडा धरा, पायरीला पाय तिरका पडतोय का बघा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा सूज आली तर दाखवाच. न बघता ह्याहून जास्त सांगणार नाही.

नदीकाठ, लेकीला सांगा रांगेत उभं राहताना वजन दोन्ही पायांवर ठेव. एका कंबरेवर लोंबकळत चार तास उभ्या राहतात आणि मग थेट नाचायला जातात, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथल्या.

मुक्काम एडिसन

घाटावरची, २०२१ मध्ये 'अलादिन' परत सुरू झालं तेव्हा मायकेल मालियाकेल मुख्य भूमिकेत आला. न्यूजर्सीचाच मुलगा, घरचे केरळचे, ब्रॉडवेवर पहिलंच काम. आणि सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोविडमुळे प्रयोग रद्द! दीड वर्ष बंद राहिल्यावर! त्या मुलाने काय केलं असेल त्या संध्याकाळी?

'सिक्स'चंही तसंच, त्याहून कठीण. १२ मार्च २०२० ला त्यांचा शुभारंभ होता आणि त्याच दुपारी सगळं ब्रॉडवे बंद केलं. पोरी रात्रीच्या तयारीत. पुढच्या शनिवारची आमची तिकिटं होती, मी पैसे परत मागितले नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये शुभारंभ झाला, तेव्हा पुन्हा काढली.

घाटावरची

हे माहीत नव्हतं. वाचून गलबललं.

अवांतर: एडिसनहून ट्रेनने येताना रात्री अकरानंतर स्टेशनच्या पार्किंगचं काय करता? आम्हाला बुधवारची मॅटिनीच परवडते त्यामुळे.

मुक्काम एडिसन

विचारून सांगतो, मला बायको सोडते.

तिसरी घंटा

पारिजातकताई, तुमच्या मैत्रिणीला हा धागा वाचून दाखवा. तिला सांगा, इथे ठाण्यात एक म्हातारा आहे, त्याला तिच्या त्या बुधवारची किंमत कळते.

पारिजातक

काल रात्रीच फोन केला काका. पाटीचा फोटो पाठवला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली की तिच्या शाळेत ह्या वर्षी नववीतला एक मुलगा आहे, बोलताना अडतो, आणि तिने त्याला वार्षिक नाटकात पहिल्या प्रवेशातलं पहिलं वाक्य दिलंय. तुमचा निरोप आज देते.

नदीकाठ

लेक आत्ता घरी आली. यादीत ८७वी होती, ६० पर्यंत घेतले. दशम्या रांगेतल्या मुलींनी संपवल्या, एकीने कृती मागितली आहे. उद्या परत पाचला, दुसऱ्या नाटकासाठी. पीठ भिजवायला घेते.