रेल्वेतली फजिती: तुमचाही किस्सा टाका

परभणीकर:
काल टीव्हीवर 'नवरा माझा नवसाचा 2' लागला होता. 2004 च्या भागात एसटीचे कंडक्टर असलेले अशोक सराफ 20 वर्षांनी कोकण रेल्वेत टीसी! बघता बघता आमच्या मामाचं लग्न आठवलं.

मीटरगेजचा जमाना. वऱ्हाड परभणीहून जालन्याला निघालेलं. करवलीला तहान लागली म्हणून सेलूला नवरदेवच फिरकीचा तांब्या घेऊन उतरला. नळाला ही रांग! गाडी हलली. आजी खिडकीतून ओरडायली, "अगं बाई, नवरा राहिला, नवरा राहिला!" समोरची बाई आजीला धीर द्यायली, "येतील हो, पुरुषमाणसं येतात पाठच्या गाडीनं." मामा पळत जाऊन गार्डाच्या डब्याला लटकला. अंगाला हळद, एका हातात लिंबू टोचलेली कट्यार, दुसऱ्यात तांब्या. गार्डानं विचारलं, तिकीट? मामा म्हणे, दाजीकडं. परतूरला आमच्या डब्यात आला तेव्हा एक चप्पल गायब, पण तांब्या काठोकाठ.

जालन्याची लेक:
😂😂 कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होऊन गेल्या हे वाचायच्या नादात. लिंबाचं काय झालं?

परभणीकर:
गार्डाला उन्हाचा त्रास होत होता म्हणे. मामानं काढून दिलं.

बीडचा:
आम्ही काय सांगावं? लहानपणी झुकझुक गाडीचं गाणं म्हणताना बाई विचारायच्या, गाडी कुणी कुणी पाहिली? वर्गात दोन हात वर. 17 सप्टेंबर 2025 ला नगरकडची गाडी सुरू झाली एकदाची. आमचे आण्णा गर्दीत नारळ घेऊन गेले आणि परत घेऊन आले. चटणी केली.

लातूरवाली:
ती 2016 ची पाण्याची गाडी आठवते का? मिरजेहून पहिल्यांदा आली तेव्हा 10 वाघिणी, 5 लाख लिटर. बाबा रात्रीच बघायला गेलते. आई म्हणली, नुसतं बघून कामून आलाव, घागर न्यायची की.

सेलूकर:
सेलूच्या नळाचं पाणी गोडच होतं. नवरदेवाची चूक नाही.

नांदेडची सून:
पिक्चरबद्दल बोला की कुणी. मला पहिलाच आवडला. एसटीत सगळे एकमेकांच्या अंगावर, गंमत तिथंच. बाकी फिरकीचा तांब्या आता कुठं मिळतो?

जालन्याची लेक:
सासूबाईंकडं आहे. फिरकी आटलीये, 1991 पासून उघडला नाही. हलवला की वाजतं काहीतरी.

बीडचा:
उघडू नका ताई. करवलीचं पाणी असंल.

नांदेडची सून:
थोडं खोबरेल सोडा फिरकीत, रात्रभर ठेवा. आणि परभणीकर, ती करवली कोण होती?

परभणीकर:
आई. अजून म्हणते, तहान लागलीच नव्हती, उचकी होती.