पथकासाठी जुना पिकअप: घ्यावा का?

प्रेषक: निखिल (ढोल-ताशा पथक)

सर्वांना नमस्कार,

गणपतीच्या आधी एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे. सरावाला आणि मिरवणुकीला ढोल न्यायचे म्हटले की आपण भाड्याची व्हॅन घेतो. भाडं, मैलांचे पैसे, गॅस, वर विमा. आणि व्हॅन वेळेत परत करायची म्हणून हात बसायला लागला की सराव गुंडाळायचा. पथकातल्या सगळ्यांनाच हे खटकतंय.

ओहायोतल्या टोलेडोच्या वाटेवर एका गृहस्थांकडे २००६ चा फोर्ड एफ-१५० विकायला आहे. चार दरवाजे, ५.४ लिटर व्ही-८, १,५२,००० मैल झालेत. १,८०० डॉलर मागतायत. असाच धडधाकट ट्रक पाच-सहा हजारांच्या खाली मला तरी दिसला नाही. स्वस्त एवढ्यासाठीच की इंजिनाचं काम निघालंय. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि सिग्नलला थांबलं की टकटक आवाज येतो. त्यांच्या मेकॅनिकने ‘इंजिनात खर्च आहे’ इतकंच सांगितलं आणि तो खर्च त्यांना आता करायचा नाही. माणूस सरळ वाटला, टायटल (मालकीचा कागद) त्यांच्याच नावावर आहे, पत्राही छान आहे. शनिवारी कळवतो म्हणालोय.

वसंतकाका, तुमचा जन्म इंजिनांत गेला. तुम्ही काय म्हणता?

निखिल

---

प्रेषक: वसंतकाका

निखिल,

इंजिनात खर्च आहे, पण किती? ते कळेपर्यंत १,८०० स्वस्त की महाग, हे मी सांगू शकत नाही आणि दुसरंही कुणी सांगू शकणार नाही. एक इग्निशन कॉइल गेली तरी गाडी मिसिंग मारते आणि दिवा लागतो. ते काम शंभर डॉलरच्या आत होतं. पण तू जो आवाज सांगतोयस, तो कॉइलचा वाटत नाही.

हे ५.४ चं इंजिन आपल्या नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला बनायचं. एफ-१५० मध्ये २००४ पासून ते दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्हच्या रूपात आलं आणि त्याबरोबर कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग चालत्या इंजिनात मागेपुढे करणारे फेझर आले. ते इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनरही त्याच दाबावर. ऑइल वेळच्या वेळी बदललं नाही तर गाळ धरतो, टेन्शनरच्या मागची सील फुटते, तिथून दाब गळायला लागतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, म्हणून सगळं शांत. तापून पातळ झालं की ऐडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) दाब कमी होतो, फेझर जागेवर राहत नाही आणि डिझेलसारखी टकटक सुरू होते. सिग्नलला आवाज येतो तो बहुतेक यामुळेच.

शनिवारी जाशील तेव्हा त्यांना आधीच सांग, इंजिन थंड ठेवा. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवून बघ. मग स्वतः स्टार्ट कर आणि निदान अर्धा तास चालू ठेव. घाई करू नकोस. पहिल्या पाच मिनिटांत हे इंजिन कुणालाही फसवेल.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या काट्यावर जाऊ नकोस. त्याच्यामागे नुसता एक स्विच आहे. थोडासा दाब मिळाला की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. माझ्याकडे मेकॅनिकल गेज आहे, ऑइल फिल्टरजवळचा सेन्सर काढून तिथे लावता येतो. मी बरोबर येतो. स्कॅनरही आणतो. दिवा विझलेला दिसला तर मला जास्त काळजी वाटेल, कारण बॅटरीची वायर काढून बिघाडाचे कोड पुसता येतात. पुसले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या) अपूर्ण दिसतील.

स्पार्क प्लग कधी बदलले, ते विचार आणि पावती माग. या इंजिनाचे सुरुवातीचे प्लग दोन तुकड्यांचे होते. काढताना खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राहायचा. इतकं झालं की फोर्डला त्यावर सर्व्हिस बुलेटिन काढावं लागलं आणि तुटका तुकडा काढायचं खास हत्यार बाजारात आलं. प्लग मूळचेच असतील तर आठही एकदा निघायचे आहेत, हे धरून चाल.

पण या सगळ्याच्या आधी गाडीखाली झोप. मी मिशिगनमध्ये इतकी वर्षं राहतोय ते बघत की हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ इंजिनाला नाही, चासीला खातं. आपल्या राज्यात दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही, त्यामुळे सडलेली गाडीही नंबर प्लेट लावून फिरत असते. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे जोडकड्या, जिथे चासीला धरतात, कॅबच्या मागच्या कोपऱ्यांखालचा पत्रा, ब्रेकच्या नळ्या, या जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायच्या. वरचा पत्रा छान असणं म्हणजे काहीच नाही. इंजिन बदलता येतं, चासी बदलत बसणाऱ्याला त्या पैशात दुसरा ट्रक मिळतो.

वसंत

---

प्रेषक: प्रशांत

काका, सगळं पटलं, पण मला हा ट्रक सोडवत नाही. सांगलीत आमच्या घराला लागून गॅरेज होतं, मी शाळेतून आलो की तिथेच. फेझर, चेन, गाइड, टेन्शनर, ऑइल पंप असा पूर्ण संच ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो. बाहेर हेच काम अडीच-तीन हजारांना पडेल. माझं गराज रिकामं आहे, हात लावायला आपण चौघं आहोत. इंजिन उतरवायचीही गरज नाही, पुढचं कव्हर उघडून होतं. आणि अगदीच गेलं तर भंगार यार्डातून जुनं इंजिन टाकू.

गावाकडे पथकाला छोटा हत्ती असतो, कुणाला विचारायला लागत नाही, कुणाला परत करायला लागत नाही. इथे आपल्याला तसं काही नको का?

प्रशांत

---

प्रेषक: वसंतकाका

प्रशांत, तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. माझी शंका दाबाबद्दल आहे. फेझर वाजतो हे वरचं लक्षण. दाब टेन्शनरच्या सीलमधून जातोय की खाली क्रँकच्या बेअरिंगमधून, ते आधी कळलं पाहिजे. खालून जात असेल तर नवे फेझर टाकूनही काही हजार मैलांत तोच आवाज परत येईल आणि तुमचे हजार डॉलर व सुट्टीचे दिवस वाया जातील. पंप मोठा बसवला तरी झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही.

यार्डातलं इंजिन म्हणजे त्याच जातीचं, कुणी कसं वापरलं ते ठाऊक नसलेलं. ते घ्यायचं तरी फेझरचं काम करूनच बसवायला हवं. आणि गणपती तोंडावर आलेत. ट्रक तुझ्या गराजमध्ये उघडा पडलेला आणि ढोल भाड्याच्या व्हॅनमध्ये, असं व्हायला नको.

वसंत

---

प्रेषक: सुलभाताई (खजिनदार)

निखिल, पैशांचं आधीच स्पष्ट करते, म्हणजे नंतर कुणाचं मन दुखावायला नको.

ट्रक तुझ्या नावावर घेतलास तर त्याच्या दुरुस्तीला मंडळातून पैसे देता येणार नाहीत. आपण ना-नफा संस्था आहोत, एका सभासदाच्या मालकीच्या गाडीवर देणगीचा पैसा घालणं नियमात बसत नाही. मंडळाच्या कामासाठी गाडी वापरलीस तर मैलामागे १४ सेंट देता येतील, त्याहून जास्त दिलं तर ते तुझं उत्पन्न धरलं जाण्याचा प्रश्न येतो. मंडळाच्या नावावर घ्यायचा तर व्यावसायिक विमा लागेल आणि कोण कोण चालवणार, त्यांची नावं द्यावी लागतील. मिशिगनचा विमा किती महाग आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय खरेदीवर ६ टक्के कर आणि १५ दिवसांत टायटल बदलून घ्यायचं.

कार्यकारिणीपुढे आणायचं असेल तर मला एकच आकडा दे: विकत, कर, दुरुस्ती, टायर, वर्षाचा विमा, सगळं धरून. १,८०० हा आकडा मी मांडणार नाही.

सुलभा

---

प्रेषक: मेधा

मी पथकात ढोल वाजवते, इंजिनातलं मला कळत नाही. पण काल रात्री टेप घेऊन माझा ढोल मोजला. व्यास दोन फूट, लांबी सव्वादोन फूट. निखिलने पाठवलेल्या ट्रकचा मागचा हौदा साडेपाच फुटी आहे आणि चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी जेमतेम चार फूट दोन इंच. म्हणजे उभे ठेवले तर एका थरात चार, कोपऱ्यात घुसवला तर पाच. दोन थर लावले तरी आठ-दहा. आपले ढोल आहेत अठ्ठावीस, ताशे आणि ध्वज वेगळे. हा ट्रक उद्या फुकट मिळाला आणि इंजिन ठणठणीत असलं तरी निदान तीन खेपा ठरलेल्या. आणि वरून पाऊस आला तर? गेल्या विसर्जनाला ताडपत्री धरून उभं राहिलेल्यांना विचारा.

सहा फूट बाय बारा फुटी बंद ट्रेलरमध्ये दोन थरांत सगळे ढोल बसतात, मी कागदावर मांडून पाहिलं. चित्र सोबत जोडलंय.

मेधा

---

प्रेषक: निखिल

आज काका, प्रशांत आणि मी जाऊन आलो.

इंजिन थंड होतं, मालकांनी शब्द पाळला. स्टार्ट केलं तर एकदम गोड. प्रशांत माझ्याकडे बघून हसला. गेजवर दाब साठ पीएसआयच्या पुढे. काका काही बोलले नाहीत, घड्याळ बघत उभे राहिले. वीसेक मिनिटांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडमधून पहिली टकटक आली, मग ती थांबेचना. ऐडलला काटा उतरत उतरत बाराच्या आसपास आला. जरा रेस दिली की आवाज बंद, पाय काढला की परत. स्कॅनरवर पी००२२ आला, म्हणजे त्याच बाजूच्या कॅमचं टायमिंग मागे पडतंय. प्लग मूळचेच आहेत. ते काढून कॉम्प्रेशन बघायला मालक तयार झाले नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, तुटले तर भरपाई कुणी करायची?

मग खाली गेलो. डाव्या मागच्या पाट्याच्या शॅकलचं ब्रॅकेट पापुद्रे सुटून निम्मं उरलंय. ते बदलता येतं, रिव्हेट कापून नवं बोल्टवर बसवतात. पण काकांनी त्याच्या वर चासीलाच टोचलं आणि स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याएवढा आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर लाल चुरा हातावर पडला. मालकांनाही ते ठाऊक नव्हतं, वाकून बघून ते बराच वेळ गप्प होते. त्यांनी स्वतःहून ९०० वर यायची तयारी दाखवली.

काका?

निखिल

---

प्रेषक: वसंतकाका

नको. ९०० ला नको आणि ३०० लाही नको.

चासी शाबूत असती तर मी प्रशांतच्या बाजूने बोललो असतो. दाब बारावर आलाय, त्यामुळे ऑइल पॅन काढून बेअरिंग बघायचं, ती ठीक निघाली तर संच टाकायचा, असं ठरवून एकूण साडेचार हजारांपर्यंत जायला हरकत नव्हती. पण भोक पडलेल्या चासीवर मागे पोरं आणि ढोल घेऊन हायवेवर जायला मी हो म्हणणार नाही. मालकांना तसं कळव आणि तुम्हीही त्यावर वजन टाकू नका, हे जरूर सांग. भला माणूस आहे.

वसंत

---

प्रेषक: निखिल

कळवलं. त्यांनी आभार मानले, ट्रक आता भंगारात देतायत.

मेधाचा ट्रेलर मला पटलाय. आपल्यातल्या तिघांकडे टोयोटाची जुनी सिएना (२०२० पर्यंतची) आहे, ती ३,५०० पौंड ओढते. असा ट्रेलर रिकामा दीड हजाराच्या आसपास भरतो, ढोल सगळे मिळून पाच-सहाशे पौंडांच्या वर जात नाहीत. इंजिन नाही, मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबर प्लेट एकदाच घ्यावी लागते, आणि ताई, तो मंडळाच्या नावावर घेता येईल ना? जुने दोन-तीन बघून ठेवलेत. काका, खालून बघायला परत याल का?

निखिल

---

प्रेषक: सुलभाताई (खजिनदार)

मंडळाच्या नावावर घेता येईल. विमा कंपनीला सोमवारी फोन करते. बुधवारच्या बैठकीत घेऊ या, मेधाचं चित्र पडद्यावर लावा.

सुलभा

---

प्रेषक: प्रशांत

माझ्या सिएनाला हिच (ट्रेलर जोडायचा हुक) आहे, वायरिंग चार पिनी. ट्रेलरला सात पिनी असेल तर अडॅप्टर मी आणतो. ट्रेलरचे टायर कितीही नवे दिसले तरी त्यावरची तारीख बघायची आहे, उभ्या उभ्या रबर मरतं. काका, गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला घ्यायला येऊ?

प्रशांत