मकचरी आणि मका एकाच वेळी फुलोऱ्यात कसे आणायचे?

मदत हवी आहे. मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे टिओसिंटे, आपल्याकडची चाऱ्याची मकचरी त्याच कुळातली. मेक्सिकोतल्या बाल्सास खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी लोकांनी या गवतातून मका घडवला. टिओसिंटेचं कणीस कसलं, टणक कवचातले पाच-दहा दाणे! अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज बीडल यांनी मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडं वाढवली. साधारण ५०० त एक झाड अगदी मक्यासारखं किंवा अगदी टिओसिंटेसारखं निघालं. म्हणजे मोठा फरक मोजक्याच जनुकांचा. हे मला शाळेतल्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायचंय.

जूनमध्ये दोन्ही एकत्र पेरले. मक्याला तुरा ५५ दिवसांत आला, मकचरी मात्र नुसती फुटवे काढत राहिली. दिवस लहान झाल्याशिवाय ती फुलत नाही, हे नंतर कळलं. मकचरी फुलेपर्यंत मक्याचे परागकण फ्रीजमध्ये ठेवून पाहिले, पण त्यांनी दाणे भरले नाहीत.

जागा अर्धा गुंठा, पाणी आहे, हरितगृह नाही. बियाणं चाऱ्याचंच, जात माहीत नाही. कुंडीतल्या मकचरीवर संध्याकाळी काळं कापड टाकायची तयारी आहे.

कुणी हे केलंय का? रोज किती तास अंधार, किती दिवस द्यायचा आणि मका त्यानंतर कधी पेरायचा?